मी इथे असताना घरी कोण? पुण्यातल्या शुभंकरांसाठीच्या आधारसेवांचं परीक्षण

घरातल्या आजारी माणसाचं सगळं करणाऱ्याला मराठीत आता एक नेमका शब्द आहे, शुभंकर. ज्याचं करायचं तो शुभार्थी. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेच्या कामातून हे दोन शब्द रुळले आणि पुण्यातल्या स्वमदत गटांनी ते उचलले. ‘पेशंट’ आणि ‘केअरटेकर’ म्हटलं की मधलं नातं पुसलं जातं, या जोडीत ते टिकतं. म्हणून या परीक्षणातही तेच शब्द वापरले आहेत.

शुभंकरांच्या मनाला आधार देणाऱ्या सेवा पुण्यात कमी नाहीत. बऱ्याच मोफत आहेत, काही पाव शतकाहून जुन्या आहेत. तरीही ज्यांना सगळ्यात जास्त गरज असते तीच माणसं तिथे पोचत नाहीत. त्यांना आधार नको असतो असं मुळीच नाही. निघायच्या दारात एक प्रश्न उभा असतो, ‘मी तिथे गेल्यावर इथे कोण?’ ज्या सेवेकडे या प्रश्नाचं काही ना काही उत्तर आहे ती कामी येते. जिच्याकडे नाही ती कितीही चांगली असली तरी तिचं पत्रक फ्रिजवर चिकटून राहतं. म्हणून इथे प्रत्येक सेवेला पहिली कसोटी हीच लावली आहे. बाकीच्या कसोट्या अशा : मोकळं बोलता येतं का, कोणत्या वेळेला मिळते, दुसऱ्यांदा गेल्यावर पहिल्या वेळचं कुणाला आठवतं का, आणि पैसे.

सेवा निवडण्याआधी एक काम करून ठेवावं. शुभंकराच्या मनावरचा भार मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी झॅरिट नावाची प्रश्नावली आहे. तिच्यात २२ प्रश्न असतात आणि प्रत्येकाला ० ते ४ गुण. एकूण ८८ पैकी २० पर्यंत आले तर भार फारसा नाही, २१ ते ४० म्हणजे सौम्य ते मध्यम, ४१ ते ६० मध्यम ते तीव्र, त्यापुढे अतितीव्र असं ढोबळमानाने मानतात. हे निदान नव्हे. पण डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला ‘खूप दमायला होतं’ असं सांगण्यापेक्षा ‘जूनमध्ये ३४ होते, आता ५२ आहेत’ असं सांगितलं की बोलणं लगेच मुद्द्यावर येतं. आधार सुरू करण्याआधी एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा, एवढं पुरतं. दर आठवड्याला मोजत बसलं की आकड्याचीच काळजी लागते.

फोनवर मिळणारा आधार

‘घरी कोण?’ हा प्रश्न फोनला पडतच नाही, म्हणून सुरुवात तिथून. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीत. फोन लागला की आधी भाषा निवडायला सांगतात आणि मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. गरज वाटली तर तिथून पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतात किंवा जवळच्या सरकारी सेवेकडे पाठवतात. रात्री दोन वाजता शुभार्थी चौथ्यांदा उठलेला असतो आणि नातेवाईक, मैत्रिणी, शेजारी सगळे झोपलेले असतात. त्या वेळी उपलब्ध असलेला हा भरवशाचा नंबर आहे आणि तेवढ्यासाठीसुद्धा तो फोनमध्ये साठवून ठेवावा.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली म्हणजे बोलणं नकळत शुभार्थ्याकडे वळतं. ‘सासऱ्यांना डिमेन्शिया आहे’ एवढं म्हटलं की पुढचे प्रश्न सासऱ्यांच्या झोपेचे, औषधांचे, वयाचे. पंधरा मिनिटांनी फोन ठेवताना सासऱ्यांबद्दल सल्ला मिळालेला असतो आणि फोन करणारी सून होती तिथेच असते. यात समुपदेशकाची चूक नाही, माणूस ज्याच्याबद्दल बोलतो त्याच्याबद्दलच विचारलं जातं. त्यामुळे पहिलं वाक्य ठरवून ठेवावं, हवं तर कागदावर : ‘मी घरातल्या आजारी माणसाचं करते. आज मला माझ्याबद्दल बोलायचंय.’ या एका वाक्याने सगळं संभाषण वेगळ्या रस्त्याने जातं.

दुसरी अडचण भिंतीची. वन बीएचकेमध्ये शुभार्थी पलीकडच्या खोलीत असताना कुणी मोकळं बोलूच शकत नाही. त्याला ऐकू गेलं तर, या धास्तीने आवाज आपोआप बारीक होतो आणि जे सांगायचं ते सोडून भलतंच बोललं जातं. गच्ची, जिन्याचा मधला टप्पा, पार्किंगमधली स्वतःची गाडी, सकाळी दूध आणायला जातानाचा रस्ता, यांतली एक जागा आणि वीस मिनिटं आधी ठरवावीत. शुभार्थ्याला एकटं सोडणं धोक्याचं असेल तर तो गाढ झोपलेला असताना स्वयंपाकघराचं दार लावून, एक्झॉस्ट चालू करून बोलावं. दर वेळी तोच समुपदेशक मिळेल असं धरून चालू नये. आजार कोणता, किती वर्षं, घरात कोण कोण, मागच्या फोनवर काय ठरलं होतं, अशा पाच ओळी जवळ असल्या की सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागत नाही. तीच कहाणी पुन्हा पुन्हा सांगणं हाही एक थकवा असतो.

पुण्याची कनेक्टिंग ट्रस्ट ही संस्था मूळची आत्महत्या प्रतिबंधासाठी काम करणारी. त्यांच्या हेल्पलाइनवर प्रशिक्षित स्वयंसेवक असतात आणि त्यांची पद्धत ऐकून घेण्याची आहे. ते निवाडा करत नाहीत, उपाय सुचवत नाहीत. ‘काय करू ते सांगा’ म्हणून फोन करणाऱ्याला त्यामुळे हातात काही पडलं नाही असं वाटू शकतं. पण ‘आज आईवर हात उगारला गेला’ हे ज्याला कुणालाच सांगता येत नाही, त्याला उपायाच्या आधी असा कानच लागतो. काय हवंय ते ओळखून नंबर फिरवावा. ऐकणारा हवा असेल तर इथे, पुढची पायरी हवी असेल तर १४४१६. आणि जीव नकोसा झालाय, स्वतःला किंवा शुभार्थ्याला काही करून टाकावं असं मनात येतंय, तर वेळ न बघता १४४१६, आणि तत्काळ धोका असेल तर ११२.

एल्डर लाइन, नंबर १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. ज्येष्ठ नागरिकांसाठीची ही राष्ट्रीय हेल्पलाइन महाराष्ट्रात पुण्याचं जनसेवा फाउंडेशन चालवतं. लोक तिचा वापर वृद्धाश्रमांची किंवा पेन्शनची माहिती काढण्यासाठी करतात. पण कोथरूड, बिबवेवाडी, औंधच्या कितीतरी फ्लॅटमध्ये ७४ वर्षांची बाई ८० वर्षांच्या नवऱ्याचं करतेय आणि मुलं अमेरिकेत आहेत. इथे शुभंकर स्वतःच ज्येष्ठ आहे, म्हणजे ही लाइन तिच्यासाठीसुद्धा आहे. तिने ‘मिस्टरांसाठी विचारतेय’ असं न म्हणता स्वतःसाठी फोन करावा. माहिती, कायदेशीर मार्गदर्शन आणि मन मोकळं करणं, तिन्ही तिथल्या कामात बसतं.

एकाच आजाराचे गट : सगळ्यात जास्त उपयोग इथे

आमचं स्पष्ट मत आहे की बहुतेक शुभंकरांनी पहिल्यांदा जायचं ते एकाच आजाराच्या स्वमदत गटात. महागड्या समुपदेशनाच्या आधी. मनाचा भार आणि रोजची कामं एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की ‘रात्री पलंगावरून पडू नये म्हणून काय करता?’ याचं कामाचं उत्तर मिळालं की त्याच रात्री झोप सुधारते आणि झोपेबरोबर मनही. ते उत्तर पुस्तकी शिक्षणातून क्वचित मिळतं, शेजारच्या खुर्चीवरच्या बाईकडून मिळतं.

पार्किन्सन्स मित्रमंडळ हे याचं पुण्यातलं उत्तम उदाहरण. इथे शुभंकर आणि शुभार्थी दोघंही एकाच सभेला येतात. म्हणजे ‘घरी कोण?’ हा प्रश्न सुटला, घरी कुणीच राहत नाही. हात थरथरणारा, पाय अडखळणारा माणूस एरवी हॉटेलात जायला लाजतो. इथे अर्ध्याहून जास्त खुर्च्यांवर त्याच्यासारखेच बसलेले असतात आणि त्याचा संकोच गळाला की शुभंकराच्या खांद्यावरचं एक ओझं आपोआप उतरतं. एप्रिलमध्ये, ११ तारखेच्या जागतिक पार्किन्सन्स दिनाच्या सुमारास मोठा मेळावा होतो. नव्या माणसाने पहिल्यांदा तिथे जाण्यापेक्षा आधी एखाद्या साध्या मासिक सभेला जावं. मेळाव्यात ओळखी होतात, बोलणं सभेत होतं.

जाताना वेळेचं गणित मात्र नीट करावं लागतं. लेव्होडोपा या पार्किन्सन्सवरच्या औषधाची गोळी घेतल्यावर साधारण अर्ध्या ते एका तासात असर सुरू होतो आणि पुढचा डोस जवळ आला की ओसरतो. रिक्षातून उतरायची वेळ नेमकी ओसरत्या काळात आली तर पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, मागून हॉर्न वाजतात आणि दोघांचाही पुन्हा न येण्याचा निश्चय होतो. डोस हलवायचा नाही, निघायची वेळ हलवायची. दोन डोसांच्या मधल्या चांगल्या काळात प्रवास बसवावा, पुढचा डोस आणि पाण्याची बाटली पर्समध्ये. ज्यांना प्रथिनांमुळे गोळीचा असर कमी जाणवतो त्यांनी निघण्याआधी उसळ, पनीर, दूध असं जड खाऊ नये. बसायला हाताची खुर्ची मागून घ्यावी, प्लास्टिकच्या बिनहाताच्या खुर्चीतून उठणं फार कठीण जातं.

या पद्धतीची एकच मर्यादा आहे आणि ती तिच्या चांगुलपणातूनच येते. शुभार्थी शेजारी बसलेला असताना ‘मला यांचा राग येतो’ हे कुणी म्हणू शकत नाही. त्यासाठी सभेनंतरचा चहा आहे. दोन शुभंकरांनी एकमेकींचे फोन नंबर घेतले, की खरं बोलणं पुढच्या आठवड्यात फोनवर होतं.

स्किझोफ्रेनियाच्या बाबतीत उलट चित्र आहे, तिथे दोघांनी काही तास वेगळं असणंच हिताचं. स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, सगळे ‘सा’ म्हणतात ती संस्था, कॅनडास्थित डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये पुण्यात सुरू झाली. धायरीला त्यांचं पुनर्वसनाचं काम चालतं आणि कुटुंबीयांसाठी स्वमदत गटही आहे. गटाच्या बरोबरीने डे-केअर, म्हणजे शुभार्थ्याने दिवसा जायचं केंद्र, असण्याचं महत्त्व बऱ्याच पालकांच्या लक्षात येत नाही. त्यांना वाटतं, मुलाला दिवसभर दुसरीकडे ठेवणं म्हणजे आपण हात झटकले. वस्तुस्थिती वेगळी आहे. १९७६ मध्ये वॉन आणि लेफ या लंडनच्या संशोधकांनी दाखवून दिलं की घरात सतत टीका, राग किंवा जिवाची अति काळजी असेल आणि आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त वेळ समोरासमोर जात असेल, तर आजार उलटण्याचं प्रमाण वाढतं. चोवीस तास डोळ्यांत तेल घालून राहणारी आई मुलाचं भलंच चिंतत असते, पण तो ताण मुलाच्या मेंदूला झेपत नाही. त्यामुळे डे-केअरचे तास हे उपचाराचाच भाग आहेत आणि त्याच तासांत आईला श्वास घ्यायला मिळतो. हे एकदा मनात बसलं की अपराधी भावना निम्मी होते.

कुठल्याही डे-केअरला विचारताना चार गोष्टी आधी स्पष्ट करून घ्याव्यात : प्रवेशाला मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी लागते का, दुपारची गोळी कोण देतं, तिथे तब्येत बिघडली तर कुणाला फोन जातो, आणि ने-आण कोणी करायची. चौथा मुद्दा सगळ्यात जास्त घरांना आडवा येतो. सिंहगड रस्त्यावर सकाळी साडेनऊला दोन बस बदलून जाणं आणि संध्याकाळी पुन्हा आणायला जाणं, यात आईचे तीन तास गेले तर सुटकेतलं उरलं काय? पहिला महिना सोबत जाऊन मग शुभार्थ्याला एकट्याने बसने येण्याची सवय लावणं हा मार्ग असतो. शुभार्थी स्थिर असेल तर तो जमतोही, आणि स्वतः तिकीट काढून येणं हाही पुनर्वसनाचाच धडा.

व्यसन हा आजार आहे आणि व्यसनी माणसाची बायको शुभंकरच आहे, हे तिला स्वतःला पटायलाच वर्षं जातात. येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र २९ ऑगस्ट १९८६ ला सुरू झालं. रुग्णमित्रांच्या, म्हणजे तिथे उपचार घेणाऱ्यांच्या, बायकांसाठी तिथे ‘सहचरी’ नावाचा गट आहे. नवरा ३५ दिवसांच्या निवासी उपचारात असतो, म्हणजे घर त्या काळात शांत असतं. नेमकी चूक इथे होते. ती बाई ते पस्तीस दिवस घर लावण्यात, देणी निस्तरण्यात, सासरच्यांना समजावण्यात घालवते आणि स्वतःसाठीची बैठक ‘तो आल्यावर बघू’ म्हणून ठेवते. तो आला की संशय, वास घेणं, खिसे तपासणं सुरू होतं आणि बैठक राहूनच जाते. पहिल्या दहा दिवसांत एक तरी बैठक गाठावी. नवरा उपचाराला तयारच नसेल तर अल-अनॉनचे गट आहेत. ते दारुड्याच्या घरच्यांसाठीच असतात, तो स्वतः सुधारायला तयार असण्याची अट नसते, फी नसते, आपलं आडनाव सांगावं लागत नाही. बैठक मराठीत आहे की हिंदी-इंग्रजीत, एवढं आधी विचारावं.

डिमेन्शियाच्या शुभंकरांसाठी अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही १९९२ पासूनची देशव्यापी संस्था आहे आणि तिची पुण्यात शाखा आहे. या आजारात आधाराच्या गटाचं यश वेळेवर ठरतं. दिवस मावळायला लागला की अनेक शुभार्थ्यांची घालमेल सुरू होते. ‘मला घरी जायचंय’ म्हणत दाराशी जाणं, कपाटं उपसणं, चिडणं, सगळं संध्याकाळी. आणि सभा सहसा ठेवल्या जातात संध्याकाळी पाच ते सात. ज्याच्यासाठी सभा, त्यालाच ती सगळ्यात वाईट वेळ. त्यामुळे गट निवडताना सकाळी अकरा ते एक किंवा दुपारी लवकरची वेळ असलेला निवडावा, तसा नसेल तर संयोजकांना सांगावं. तीन-चार जणांनी एकत्र सांगितलं तर वेळ बदलली जाऊ शकते.

या गटात मिळणारी एक गोष्ट इतरत्र मिळत नाही. माणूस समोर बसलाय, जेवतोय, पण तो आपल्याला ओळखत नाही. पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी अशा नुकसानाला ‘अँबिग्युअस लॉस’, म्हणजे धूसर नुकसान, असं वेगळं नाव दिलं, कारण याला तेरावा नसतो, भेटायला येणारे नसतात, ‘तुमच्या दुःखात सहभागी’ म्हणणारं कुणी नसतं. उलट ‘आहेत ना अजून, देवाची कृपा’ असं ऐकावं लागतं. आपल्याला जे होतंय तो शोक आहे, वेडेपणा नाही आणि कृतघ्नपणाही नाही, हे दुसऱ्या शुभंकराच्या तोंडून ऐकण्याला फार किंमत आहे.

कॅन्सरच्या पुढच्या टप्प्यातल्या माणसांसाठी वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून आहे. तिथली सेवा मोफत आहे आणि घरचं एक माणूस रुग्णाबरोबर राहतं. ‘पॅलिएटिव्ह म्हणजे शेवट’ या गैरसमजामुळे लोक फार उशिरा, शेवटच्या चार दिवसांत जातात. खरं तर दुखणं, उलट्या, श्वास लागणं आटोक्यात आणण्यासाठी मधल्या काळातही जाता येतं आणि आटोक्यात आलं की घरी परतता येतं. घरच्यांशी बोलणं, त्यांना जखम धुवायला, नळीतून भरवायला, अंथरुणात कूस बदलायला शिकवणं हे या शाखेच्या कामातच येतं. शुभंकराची भीती बरीचशी ‘मला जमेल का’ ची असते. हाताला सवय झाली की ती कमी होते. निदान झाल्यावर, उपचार चालू असतानाच डॉक्टरांना पॅलिएटिव्हबद्दल विचारावं.

गट बरा की वाईट, हे कसं ओळखायचं

तीन वेळा गेल्याशिवाय ठरवू नये. पहिल्या वेळी सगळ्यांच्या कहाण्या अंगावर येतात, विशेषतः आजाराच्या पुढच्या टप्प्यातल्या, आणि घरी जाताना जास्तच जड वाटतं. ते नेहमीचं आहे. ‘आज मी फक्त ऐकणार’ असं सांगून मागे बसायला हरकत नसते. तिसऱ्या वेळेनंतरही प्रत्येक वेळी जास्त खचून परतत असाल तर तो गट तुमचा नाही.

काही खुणा मात्र पहिल्याच दिवशी दिसतात. कुणी तेल, चूर्ण, यंत्र विकत असेल, ‘आजार मुळापासून बरा’ असं सांगत असेल, तर तिथून निघावं. गोळ्यांचे डोस आपापसांत ठरवले जात असतील तरी निघावं, कारण दोघांचं वजन, किडनी, बाकीची औषधं सारखी नसतात. एकच माणूस पाऊण तास बोलतोय आणि संयोजक थांबवत नाही, हे संयोजकाला प्रशिक्षण नसल्याचं लक्षण. ‘सकारात्मक राहा’ म्हणून रडणाऱ्याला गप्प केलं जात असेल तर त्या गटात फक्त बऱ्या बातम्या सांगता येतील. आणि बैठकीतलं बाहेर बोलायचं नाही, हा नियम सुरुवातीला मोठ्याने सांगितला जातो का, ते बघावं. पुणं या बाबतीत लहान गाव आहे. सदाशिव पेठेतल्या हॉलमध्ये सासूबाईंच्या भजनी मंडळातलं कुणी भेटणारच नाही याची खात्री कोण देणार? सुनांनी आणि ज्यांच्या घरात मानसिक आजार आहे त्यांनी राहत्या भागापासून लांबचा गट निवडला तर जीभ लवकर सैल होते. मेट्रोमुळे वनाजहून रामवाडीपर्यंत किंवा पिंपरीहून स्वारगेटपर्यंत जाणं आता सोपं आहे.

गटाचा व्हॉट्सअॅप ग्रुप असेल तर तो म्यूट करून ठेवावा आणि दिवसातून एकदाच उघडावा. सकाळचे सुविचार, मधेच एखाद्याच्या निधनाची बातमी, मग भराभर हात जोडलेली चिन्हं, आणि त्यात तुमचा कामाचा प्रश्न बुडालेला. प्रश्न असेल तर थेट एका अनुभवी शुभंकराला फोन करावा. शुभार्थ्याचे फोटो, रिपोर्ट ग्रुपवर टाकू नयेत, त्याची परवानगी घेण्याची स्थिती नसली तरी.

पुरुष शुभंकर गटात येतात तेव्हा बहुधा शेवटच्या रांगेत बसून औषधांच्या किमती विचारतात. त्यांना भावना विचारून उपयोग होत नाही, कामाचा प्रश्न विचारला की बोलतात. ‘आईला अंघोळ तुम्ही घालता का?’ या एका प्रश्नावर बांध फुटलेले असतात.

खासगी समुपदेशक

गटात जाऊनही झोप येत नसेल, भूक गेली असेल, दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ कशातच मन लागत नसेल, तर स्वतंत्र मदत लागते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असावी लागते, नोंदणी क्रमांक विचारण्यात काही गैर नाही. औषधं लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर. सत्र ४५ ते ५० मिनिटांचं असतं. फी ठिकाणागणिक खूप बदलते, म्हणून ती पहिल्या फोनवरच विचारावी. ससूनच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात हा खर्च नाममात्र असतो, मात्र तिथे निम्मा दिवस जातो हे धरून चालावं.

शुभंकराने विचारायचा खरा प्रश्न रद्द करण्याच्या नियमाचा. ‘शुभार्थ्याला ताप आला आणि सकाळी दहाला कळवलं की येत नाही, तर फी लागेल का?’ अनेक ठिकाणी २४ तास आधी न कळवल्यास पूर्ण फी घेतात. इतरांच्या बाबतीत नियम रास्त आहे, शुभंकराच्या घरी मात्र असा दिवस महिन्यातून दोनदा येतो. ऐनवेळी ते सत्र ऑनलाइन करून देणारा समुपदेशक शुभंकरासाठी दुप्पट मोलाचा. आणि तिसऱ्या सत्रापर्यंत ‘स्वतःसाठी वेळ काढा’ याच्यापलीकडे काही निघालं नाही, कोणता वेळ आणि तो कोणाकडून आणायचा यावर बोलणंच झालं नाही, तर समुपदेशक बदलावा.

आणि घरी कोण?

आजारी माणसाजवळ राहायला माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोकडून मिळणाऱ्या मावशी किंवा मामा बहुतेक १२ किंवा २४ तासांच्या पाळीने येतात. दोन तासांसाठी ब्यूरो सहसा माणूस पाठवत नाही. एकाच इमारतीतल्या किंवा गल्लीतल्या दोन घरांनी मिळून दिवस ठरवणं जास्त जमतं : मंगळवारी तुमच्याकडे मी, शुक्रवारी माझ्याकडे तुम्ही. ज्येष्ठ नागरिक संघातल्या एखाद्या धडधाकट काकांना बुद्धिबळाच्या निमित्ताने बोलावलं तर शुभार्थ्याला ‘राखण’ वाटत नाही. नातेवाइकांना ‘कधी तरी या’ म्हणू नये. ‘दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी साडेचार ते सात’ असं मागावं. नेमकं मागितलं की नाही म्हणणारे कमी निघतात.

नवीन माणसाला पहिल्याच दिवशी एकटं सोडून जाऊ नये. पहिल्या वेळी तुम्ही घरातच, दुसऱ्या खोलीत. दुसऱ्या वेळी कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत, अर्धा तास. तिसऱ्या वेळी सभेला. मधली पायरी गाळली की सभेत बसून सतत फोनकडे लक्ष राहतं, आणि गेल्याचा उपयोग शून्य.

जाताना अर्ध्या पानाचा एक कागद टेबलावर ठेवावा. मोठ्या अक्षरात, मराठीत. कोणती गोळी किती वाजता, आणि आज कोणती देऊन झाली आहे. काय खायला चालतं, काय अडकतं. पाणी ग्लासने की चमच्याने. बाथरूमला जाताना कोणत्या बाजूने धरायचं. चिडले तर काय बोलायचं नाही, कोणतं गाणं लावलं की शांत होतात. बाहेरचं दार आतून कसं लावायचं आणि किल्ली कुठे. तुमचा नंबर, शेजाऱ्यांचा नंबर, डॉक्टरांचा नंबर, ॲम्ब्युलन्ससाठी १०८. सगळ्यात खाली तुम्ही परत येण्याची वेळ लिहावी, आणि ती खऱ्या वेळेच्या अर्धा तास पुढची लिहावी, म्हणजे सभेनंतरचा चहा घेऊन येता येतं.